जे. बी. नगरचा पोरगा आणि 'एरिया' नावाचं फोल्डर

चकालावाली

अंधेरी-कुर्ला रोडवर माझ्या काकांचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं फुटपाथवर थांबायचं, एवढंच. कॉलेज सुटलं की संध्याकाळी मी गल्ल्यावर बसायचे. साल २०१३. रिपेअरिंगपेक्षा जास्त पैसा मेमरी कार्ड भरून देण्यात होता. चार जीबीचं कार्ड भरायचे तीस रुपये. कंप्युटरवर फोल्डर लावून ठेवलेले: नवीन हिंदी, जुनी हिंदी, कोळीगीतं, भीमगीतं, कव्वाली, डीजे, दर्दभरे. गिऱ्हाईक म्हणायचं, "सगळ्यातलं थोडं थोडं टाक," आणि कार्ड रीडरचा लाल दिवा लुकलुकत बसायचा. बाहेर मेट्रोचं काम चालू होतं. काउंटरवर दिवसातून चारदा फडकं मारलं तरी बोटाला सिमेंट लागायचं.

एका संध्याकाळी शाळेच्या युनिफॉर्ममधली तीन पोरं आली. "दीदी, वो जे. बी. नगरवाले का गाना है क्या?" मला काही कळेना. मग त्यातल्या एकानं स्वतःच्या फोनवरून ब्लूटूथनं फाइल पाठवली. मी लावली. दोनशे रुपयांचे स्पीकर होते, त्यातून आवाज फाटूनच यायचा. गाणं 'ये मेरा बॉम्बे', गाणारा डिव्हाइन.

बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, कसा आहे, रेकॉर्डिंग कसं आहे, यातलं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. शिरलं ते एवढंच, की हा आमच्यासारखा बोलतोय. सिनेमातला टपोरी बोलतो तसं नाही. रिक्षावाला सुट्ट्यांवरून भांडतो, नळाला पाणी आलं की शेजारची काकू हाळी देते, नाक्यावरची पोरं एकमेकांची खेचतात, त्या चालीत.

फाइल कुठल्या फोल्डरमध्ये टाकायची तेच ठरेना. 'नवीन हिंदी' म्हणजे सिनेमाची गाणी. 'डीजे' म्हणजे गणपती आणि हळद. शेवटी नवीन फोल्डर केलं आणि त्याला नाव दिलं 'एरिया'.

डिव्हाइन म्हणजे रॅपर विवियन फर्नांडिस. जन्म १९९०. जे. बी. नगरच्या वस्तीत वाढलेला. वडील घर सोडून गेले, आई कमवायला परदेशी, पोराला वाढवलं आजीनं. शाळेतला एक मित्र फिफ्टी सेंट या अमेरिकन रॅपरचा टी-शर्ट घालून आला, यानं विचारलं हा कोण, आणि मित्रानं गाणी भरलेली सीडी हातात ठेवली. ही गोष्ट तो स्वतः मुलाखतींत सांगत आलाय.

त्याच्याबद्दल जे काही छापून येतं त्यात गरिबी, जिद्द आणि यश एवढी तीनच स्टेशनं असतात. मधली सगळी फास्ट लोकलसारखी सुटतात. मला त्या मधल्या स्टेशनांवर उतरायचंय, म्हणून हा धागा.

सगळ्यात मोठं मधलं स्टेशन म्हणजे भाषा. सुरुवातीला तो इंग्लिशमधून रॅप करायचा. ज्यांच्याकडून शिकला ते इंग्लिशमधून करत होते, म्हणून यानंही तेच केलं. मग त्यानं ते सोडलं आणि गल्लीतल्या हिंदीवर आला. माझ्या मते त्याचं नशीब तिथे फिरलं, करार किंवा सिनेमा आला तेव्हा नाही. त्या तीन पोरांना गाणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं. पत्ता माहीत होता. तोवर कुठल्याही गायकाला त्याच्या गल्लीवरून मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. २०१५ मध्ये कुर्ल्याच्या रॅपर नेझीबरोबर 'मेरे गली में', संगीत सेझ ऑन द बीटचं. २०१९ च्या फेब्रुवारीत झोया अख्तरचा सिनेमा 'गली बॉय', या दोघांच्या आयुष्यांवरून सुचलेला. त्याच वर्षी डिव्हाइनची स्वतःची कंपनी, गली गँग.

हलाखीतून वर आलेली पोरं आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. त्यातला एखादाच ऐकला जातो. का, यावर तुमचं काय म्हणणं आहे?

मरोळचे मास्तर

महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. २०१४-१५ च्या सुमारास आठवीच्या वर्गात एक वही जप्त केली होती. मागच्या पानांवर बारीक अक्षरात हिंदी-मराठी मिसळून ओळी लिहिलेल्या, प्रत्येक ओळीच्या शेवटी सारख्या आवाजाचा शब्द. निबंध लिहायला सांगितला की ज्याची पाच ओळींत बोळवण व्हायची, त्या पोरानं अकरा पानं भरली होती. वही परत दिली, पण त्यावर दोन शब्द बोललो नाही. आज हा धागा वाचून ती वही आठवली. त्याला तेव्हा विचारायला हवं होतं की बाबा, हे काय आहे, मला वाचून दाखव.

कुर्ला_सत्तर

ताई, धागा डिव्हाइनचा आहे, पण नेझीला एका वाक्यात उरकू नका हो.

नावेद शेख, कुर्ला पश्चिम. आमचा पिनकोड ४०००७०, म्हणून आम्ही 'बॉम्बे ७०'. दिशा रिंदानीनं त्याच्यावर छोटी डॉक्युमेंटरी केली, तिचं नावही तेच. २०१४ साली त्याचं 'आफत' आलं तेव्हा आख्ख्या एरियात एकच चर्चा: आयपॅडवर केलंय! रेकॉर्डिंग, शूटिंग, सगळं एका आयपॅडवर. झोया अख्तरचं लक्ष या मुलांकडे गेलं ते त्याच व्हिडिओमुळे.

आम्हा पोरांना त्याचा अर्थ काय वाटला सांगतो. तोवर गाणं करायचं म्हणजे स्टुडिओ, स्टुडिओ म्हणजे तासाचे पैसे, आणि पैसे म्हणजे कुणीतरी शेठ. 'आफत'नंतर आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर चार जणांनी मिळून एक सेकंडहँड फोन घेतला, फक्त रेकॉर्डिंगसाठी. सिम टाकायचंच नाही असा नियम. आमचं पुढे काही झालं नाही, पण तो फोन माझ्याकडे अजून आहे.

आणखी एक. वस्तीतल्या पोराचं रात्री नाक्यावर उभं राहणं म्हणजे पोलिसाला उत्तर देणं. "क्या करता है?" या प्रश्नाला आधी आमच्याकडे उत्तर नव्हतं. नंतर पोरं सांगू लागली, "रॅपर है साब." दोनदा फटके पडले, तिसऱ्यांदा हवालदार म्हणाला, "चल, सुना." हे माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे.

अनघा_ठाणे

वाचतेय. मास्तरांची वही मनात राहिली. पुढील लेखनास शुभेच्छा.

सोळा_मात्रा

भाषेचा मुद्दा शंभर टक्के पटला. त्यात करणाऱ्याच्या बाजूचं थोडं टाकतो. मी डोंबिवलीत घरीच रेकॉर्ड करतो. लोखंडी कपाटाची दोन्ही दारं उघडायची, त्यावर आजीच्या दोन गोधड्या, मध्ये माइक. पंखा बंद. खालून फास्ट गेली की लगेच टेक घ्यायचा, कारण पुढची यायच्या आत संपवावं लागतं.

एक बार म्हणजे चार ठोके. मिनिटाला नव्वद ठोक्यांचा टेम्पो धरला तर एक बार पावणेतीन सेकंदांच्या आत संपतो. सोळा बारचं कडवं पाऊण मिनिटही भरत नाही. तेवढ्यात तुम्हाला माणूस उभा करायचाय. अशा वेळी जी भाषा तुम्ही डोक्यात उलटीसुलटी करून आणता, ती कायम अर्धा ठोका उशिरा येते. ज्या भाषेत तुम्ही भांडता ती वेळेवर येते. इंग्लिश सोडल्यावर डिव्हाइनचा आवाज मोकळा झाला तो याच कारणानं, असं मला वाटतं. त्याचं उच्चाराकडे जाणारं लक्ष सुटलं आणि सगळा जोर श्वासावर आला.

बंबइया हिंदी बीटवर बसते कारण ती आधीच तासून निघालेली आहे. अपुन, कायको, खालीपिली. चाळीतल्या गुजराती, कोकणी, दखनी, तमिळ माणसांनी एकमेकांशी सौदा करता करता तिचे कोपरे घासले. आणि तिच्यात मराठी किती आहे बघा: वांधा, राडा, वट, मचमच. त्यामुळे "आपल्या भाषेत का नाही" असं कुणी म्हणालं की मी म्हणतो, अर्धी तर आहेच.

मराठीत रॅप लिहिताना अडचण वेगळी येते. आपल्याकडे यमक फार स्वस्त आहे. करतोय, मरतोय, धरतोय, भरतोय. क्रियापदं ओळीच्या शेवटी येतात, सगळ्यांची शेपटी सारखी, त्यामुळे नवशिक्याला वाटतं जमलं. दहा ओळी 'तोय-तोय' ऐकल्या की कान बधिर होतो. मी दोन वर्षं तेच केलं. मग एका मोठ्या पोरानं सांगितलं की शेपटी सोड, पोटात जुळव. म्हणजे 'भाडं थकलं' ला 'गाडं हुकलं'. दोन्ही शब्द जुळतात आणि घरात काय झालं तेही कळतं. त्या दिवसापासून क्रियापद मध्ये ढकलायला लागलो. बोलताना आपण ढकलतोच की: "आला का रे तो कालचा?"

स्वदेशी नावाच्या मुंबईच्या ग्रुपमधला रॅपर एमसी मवाली मराठीत करतो. आरेच्या जंगलासाठी त्यांनी 'वारली रिव्होल्ट' केलं, आरेतल्या पाड्यावर राहणाऱ्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन. त्यातली मराठी पुस्तकी नाही, तशीच्या तशी तोंडातली आहे. त्याच ग्रुपमधला एमसी तोडफोड, धर्मेश परमार, गुजरातीतून करायचा. २०२२ च्या मार्चमध्ये गेला. वय २४.

शाहिराची नात

सोळा_मात्रा, सुंदर लिहिलंत. पण हे सगळं अमेरिकेतून आलं असं का मानायचं? डफाच्या थापेवर वस्तीचं दुःख मांडणं आपल्याकडे नवीन नाही. आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. अण्णाभाऊ साठ्यांची छक्कड गिरणगावानं डोक्यावर घेतली ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. वामनदादा कर्डक एका रात्रीत गाणं बांधून दुसऱ्या दिवशी गात. माझे आजोबा त्यांच्या मागे झील धरायचे. नंतर एका खासगी कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभे राहिले, पण कुणी नाव विचारलं तर सांगायचे "शाहीर".

एडिसनकर

शाहिराची नात, आजोबांना नमस्कार. पण इथे मी वेगळं म्हणेन, राग मानू नका.

मी एकोणीस वर्षं न्यू जर्सीत आहे. माझा मुलगा इथल्या पब्लिक शाळेत शिकला, हिपहॉप, म्हणजे रॅप ज्यातून आलं ते, त्याच्यामुळे घरात आलं. त्याच्या हट्टापायी आम्ही ब्रॉन्क्समध्ये १५२०, सेजविक अव्हेन्यूला गेलो. हायवेला लागून असलेली विटांची उंच इमारत, खाली लहान मुलं सायकली चालवत होती. ११ ऑगस्ट १९७३ ला तिथल्या हॉलमध्ये डीजे कूल हर्क आणि त्याच्या बहिणीनं पार्टी ठेवली होती. बहिणीला शाळा सुरू व्हायच्या आधी नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. रेकॉर्डमधला ज्यावर लोक जास्त नाचतात तो तुकडा हर्क दोन टर्नटेबलांवर पुन्हा पुन्हा फिरवायचा. सगळं त्या तुकड्यावर उभं राहिलं. घरं जळत होती, एक्सप्रेसवेनं वस्ती चिरली होती, शाळांतले संगीताचे तास बंद पडत होते. त्या काळ्या आणि पोर्टो रिकन पोरांची ही कमाई आहे.

अंधेरीच्या पोरानं ती उचलली आणि आपली केली, यात मोठेपण आहेच. पण "आमच्याकडे होतंच" म्हटलं की त्यांचं देणं पुसलं जातं. आपली शाहिरी थोर आहे, तिला रॅपचं सर्टिफिकेट कशाला हवं?

शाहिराची नात

एडिसनकर, मान्य. पुसायचं नव्हतं. म्हणायचं होतं ते असं, की आमच्या वस्तीतल्या माणसाला हे ऐकताना परकं वाटलं नाही, त्याचं कारण कान आधीच तयार होता. आमच्या गल्लीतल्या आजीबाईंनी पहिल्यांदा रॅप ऐकला आणि विचारलं, "ह्याला झील धरायला कुणी नाही का?"

कागदपत्र

शीर्षकात तसं म्हटलं नसलं तरी हा धागा स्वतंत्र कलाकारांबद्दल आहे, म्हणून स्वतंत्र म्हणजे काय ते नीट बोलू या. मी गाण्यांच्या हक्कांच्या करारांचं काम करतो.

डिव्हाइन सुरुवातीला एकटा होता, मग सोनी म्युझिकबरोबर करार झाला, मग २०१९ मध्ये गली गँग काढली. त्याच वर्षी नास या अमेरिकन रॅपरच्या मास अपील कंपनीची भारतातली शाखा निघाली आणि तिथून 'कोहिनूर' हा त्याचा अल्बम आला. म्हणजे कंपनी कधीच नव्हती असं नाही. याच्या उलट रॅपर एमिवे बंटाय, म्हणजे बिलाल शेख. त्यानं आपली बंटाय रेकॉर्ड्स धरून ठेवली, यूट्यूबवर स्वतःचं चॅनल वाढवत नेलं, आणि २०१९ ला एमटीव्ही युरोपचा भारतासाठीचा पुरस्कार घेतला. दोन वेगळे रस्ते आहेत. एक खरा आणि एक खोटा असं मी म्हणणार नाही. मी एकच बघतो: कागद कुणाकडे आहे.

गाण्यात दोन माल असतात. एक लिहिलेलं आणि चाल लावलेलं. दुसरं ध्वनिमुद्रण, म्हणजे ती तयार फाइल. दोन्हींचे हक्क वेगळे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानंही काढून घेता येणार नाही असं झालं. तो फक्त वारसाला किंवा हक्क सांभाळणाऱ्या सोसायटीला देता येतो. रॅपर स्वतः लिहितो, म्हणजे तो गीतकार आहे. पण निम्म्या पोरांना हे माहीत नसतं आणि ती आयपीआरएसचं, म्हणजे अशा सोसायटीचं, सभासदत्वच घेत नाहीत.

दुसरं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून समोरचा "जगभरात, कायमस्वरूपी" हे शब्द आवर्जून घालतो. ते दोन शब्द शोधा. ते दिसले की पेन खाली ठेवा आणि पैसे विचारा.

तिसरं बीटचं. नेटवर बीट भाड्यानं मिळतात, हजार-दोन हजारांत. तोच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेला असतो, आणि अमुक इतक्या व्ह्यूजपर्यंतच चालेल अशी अट असते. गाणं चाललं की नोटीस येते. गाणं पडलं तर काहीच होत नाही. गरीब पोराचं नेमकं चाललेलं गाणं जातं ते असं.

हे सगळं पुस्तकातून शिकलो असं समजू नका. माझ्या धाकट्या भावानं २०१७ साली एका कंपनीबरोबर शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सही केली. घरात विचारलं नाही, कारण घरात कुणाला कळणारच नव्हतं. वीस हजार मिळाले. त्यात त्यानं आईला मिक्सर आणि स्वतःला माइक घेतला. गाणं कंपनीनं कधी बाहेर काढलंच नाही. त्याला दुसरीकडे ते गाताही येईना. वर्षभर कंपनीनं हक्क वापरला नाही तर तो आपोआप परत येतो, अशी तरतूद कायद्यात आहे, पण करारात तिच्या उलट लिहिलेलं होतं. तो आता गात नाही. मिक्सर चालू आहे.

सोळा_मात्रा

कागदपत्र, हे वेगळा धागा काढून पुन्हा लिहा. मी माझ्या तीन गाण्यांचे बीट आत्ता तपासले. एक भाड्याचा आहे, ऐंशी हजार व्ह्यूजपर्यंत. माझे अकराशे झालेत, पण तरी बदलतो.

पुणे_स्टेशन

पुण्याचं नाव अजून कुणी घेतलं नाही. ताडीवाला रोड, स्टेशनाच्या मागे. आमचा रॅपर एमसी स्टॅन तिथला, जन्म १९९९. २०२० ला 'तडीपार' नावाचा अल्बम काढला. बाहेरच्याला तो शब्द स्टाइल वाटतो. आमच्याकडे तो कागद घरी येतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली माणसाला जिल्ह्याबाहेर काढतात, कुणाचा काका, कुणाचा भाऊ. सणाला तो घरी येऊ शकत नाही म्हणून आई डबा घेऊन हद्दीबाहेर जाते. शब्द पोरानं हवेतून आणलेला नाही.

फेब्रुवारी २०२३ ला तो 'बिग बॉस' जिंकला. टीव्हीवर सुद्धा तसाच बोलला, वस्तीत बोलतात तसा. माझ्या आईला रॅप कळत नाही, पण ती रोज बघायची, कारण "हा आपल्यासारखा जेवतो". त्याच्या कितीतरी ओळी मला पटत नाहीत, बायकांबद्दलच्या तर अजिबात नाहीत, आणि हे मी माझ्या पुतण्याला तोंडावर सांगतो. पण ताडीवाला रोडचा पत्ता नोकरीच्या अर्जावर लिहायला आम्ही कचरायचो. पुतण्या तो टी-शर्टवर छापून फिरतो.

विद्या_कल्याण

अनेक पोस्टी वाचल्या, सगळीकडे 'पोरं'. पुणे_स्टेशन यांनी विषय काढलाच आहे तर विचारते, पोरी कुठे होत्या?

होत्या. रॅपर डी एमसी, म्हणजे दीपा उन्नीकृष्णन, आमच्या कल्याणची. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे, माही जी या नावानं मराठीतून आदिवासींच्या प्रश्नांवर रॅप करते. पण सायफर, म्हणजे गोल करून आळीपाळीनं रॅप म्हणायचा अड्डा, कुठे भरतो? रात्री दहानंतर, बागेत नाही तर स्टेशनाबाहेर. पोरगा त्यातून उठून शेवटची कर्जत लोकल पकडतो आणि घरी फक्त ओरडा खातो. पोरीला सायफर सुरू व्हायच्या आधी निघावं लागतं. मी स्वतः तीन वर्षं कविता लिहायचे, ठोक्यावर बसणाऱ्या. एकदाच गेले, मैत्रिणीच्या भावाला सोबत घेऊन. गोल करून उभे होते सगळे. माझी पाळी आली तेव्हा बीटबॉक्स करणाऱ्यानं, म्हणजे तोंडानं ठोका देणाऱ्यानं, टेम्पो कमी केला, मुलगी आहे म्हणून. मी त्याला सांगितलं, "होता तेवढाच ठेव." ठेवला. मी आठ ओळी म्हटल्या. परत जाता आलं नाही.

खडतर बालपण म्हणताना ही वेळेची गरिबी पण मोजा.

चकालावाली

विद्या, टेम्पोचं वाचून काटा आला. त्या आठ ओळी इथे टाकशील का? खूप आग्रह आहे.

विद्या_कल्याण

वही शोधते.

मरोळचे मास्तर

चकालावाली, एक विचारू? त्या 'एरिया' फोल्डरमध्ये पुढे किती गाणी जमली? आणि बाकीच्यांचं काय झालं?

चकालावाली

सर, हा प्रश्न येईल असं वाटलं होतं, म्हणून रविवारी काकांकडे जाऊन आले.

दुकान २०१७ च्या दिवाळीत बंद झालं. आदल्या वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा फुकट झाला, आणि कार्ड भरायला येणारी माणसं महिन्याभरात गायब झाली. त्याच फुकट डेटामुळे या पोरांची गाणी गावागावांत गेली. आमचा धंदा ज्यानं बसवला त्यानंच यांना उभं केलं. काकांना मी हे समजावलं तर म्हणाले, "गाणी तर पोचली ना?"

कंप्युटर भंगारात गेला, पण हार्ड डिस्क काकूनं शिवणाच्या डब्यात ठेवली होती. चालू झाली. 'एरिया'मध्ये चौदा फाइली आहेत. दोन डिव्हाइनच्या, एक नेझीची. उरलेल्या अकरा आमच्याच आसपासच्या पोरांच्या, चकाला, मरोळ, साकीनाका. ती आपली गाणी पेनड्राइव्हवर घेऊन यायची आणि म्हणायची, "दीदी, कोई कार्ड भरवाए तो ये भी डाल देना." मी टाकायचे, न विचारता. तेव्हा मला वाटायचं मी फसवतेय गिऱ्हाइकाला.

अकरा पुन्हा ऐकली. कागदपत्र यांनी लिहिलंय ते आता कानाला कळतं, चार जणांचा बीट एकच आहे. सोळा_मात्रा म्हणतात ती शेपटीची यमकं पण आहेत. दोघं अजून इंग्लिशमधूनच करतायत. पण एक आहे, फाइलचं नाव 'फायनल फायनल २'. त्यात मराठी-हिंदी मिसळून एका शाळेची भिंत, भिंतीपलीकडचा नळ आणि नळावर रोज भांडणारी त्याची आई आहे. डिव्हाइनच्या शेजारी ठेवलं तर कमी पडत नाही, हे मी प्रेमापोटी म्हणत नाही. तीनदा ऐकून म्हणतेय.

तो पोरगा आता एअरपोर्टच्या कार्गोत रात्रपाळी करतो. त्याच्या बहिणीकडून नंबर मिळाला. फोन केला तर आधी आठवेना, मग गप्प झाला, मग म्हणाला, "वो मेरे पास भी नहीं है दीदी. फोन चोरी हो गया था."

काल रात्री फाइल पाठवली. आज सकाळी पाळी संपल्यावर त्याचा व्हॉइस मेसेज आला, बावीस सेकंदांचा. मागे ट्रॉल्यांचा खडखडाट. पहिल्या कडव्यातल्या चार ओळी त्यानं म्हटल्या, तोच टेम्पो, पाठ असल्यासारख्या. फक्त भिंतीची ओळ बदलली होती. ती भिंत पडून तिथे टॉवर झालाय, आणि आईला आता पाणी टँकरवरून आणावं लागतं.

इथे टाकू का, असं त्याला विचारलंय. म्हणाला, "थांब दीदी, दुसरं कडवं पण नीट करतो."